आप्पांच्या हातची पट्टी

आप्पा, त्या दिवशी बंदूक उडाली नाही ती माझ्यामुळे.

हे एवढं एक वाक्य तुमच्यासमोर म्हणायला मला चार वर्षं पुरली नाहीत. काल तुमच्या तेराव्याला मी ते भरल्या अंगणात म्हणालो, आणि तुम्ही सोडून सगळ्यांनी ऐकलं. म्हणून आज शाळेला सुट्टी आहे तर सावकाश बसून तुम्हालाच लिहितो आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि माझं लिहिणं तुम्ही नेहमी कागद उलटासुलटा करून बघायचात आणि म्हणायचात, "अक्षर सरळ हाय मास्तर, म्हंजे खरंच लिवलं असंल." यावेळी तरी खरं लिहायला हवं.

तुम्हाला आठवत असेल, मी पहिल्यांदा बंदूक घेऊन तुमच्या लोहारकीच्या भट्टीवर आलो तो दिवस. वडिलांची ठासणीची बंदूक होती ती. तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, मागच्या बारीक खुंटीवर तांब्याची टोपी बसवायची, चाप ओढला की घोडा टोपीवर आपटणार आणि बार होणार. टोप्या सोलापुराहून यायच्या. लढाई सुरू झाली आणि आधी त्या महाग झाल्या, मग लपवून विकल्या जाऊ लागल्या, मग मिळेनाशाच झाल्या. करोडगिरी नाक्यावरचा, म्हणजे जकातीचा, शिपाई माझी पिशवी न उघडताच म्हणायचा, "टोपी नहीं मिली ना, मास्तर? जाव." माझ्याकडे डबीत तीन टोप्या उरल्या होत्या, आणि ओढ्याकाठी आईचा भुईमूग शेंगांनी भरत आला होता. रानडुकरांना ते आमच्या आधी कळलं होतं. एका सकाळी आई बांधावर उभी होती आणि समोरचा अर्धा एकर नांगरून टाकल्यासारखा दिसत होता. ती उपटलेले वेल गोळा करून त्यातल्या कोवळ्या शेंगा ओच्यात भरत राहिली. उरलेलं रान गेलं असतं तर त्या वर्षी घरात तेल नव्हतं आणि पुढच्या वर्षी पेरायला बी नव्हतं.

वडिलांच्या पेटीत एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात टोप्या निघण्याच्या आधीच्या, चकमकीच्या बंदुकीचं चित्र होतं. घोड्याच्या जबड्यात दगड धरलेला. तो दगड एका उभ्या पोलादी पट्टीवर घासतो, ठिणग्या खालच्या वाटीतल्या बारीक दारूत पडतात, आणि वाटीशेजारच्या भोकातून आग नळीत शिरते. ते चित्र मी तुमच्यापुढे धरलं. तुम्ही बराच वेळ बघून म्हणालात, "सगळं दावलंय, पण घोड्याची कमान कुटं लपिवली? चित्र काढणारा लोहार नव्हता."

मी म्हणालो, "आप्पा, लोक चकमकीवरून टोपीवर आले. आपण टोपीवरून चकमकीवर चाललोय. हे मागे जाणं झालं."

"मागं कसं? टोपी सोलापुरातनं येती. गारगोटी आपल्या माळावर पडलीया. जे आपल्या पायाखाली हाय ते मागं कसं हुईल, सांगा की."

हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. मी शाळेत मुलांना सुधारणेचा धडा शिकवून यायचो आणि संध्याकाळी तुमच्या भट्टीवर हरायचो. तहसिलीतल्या कारकुनाने मात्र तुमच्याही वर कडी केली. परवान्यावर 'टोपीदार' लिहिलं होतं, म्हणून मी घाबरत विचारायला गेलो. त्याने पान थुंकलं आणि म्हणाला, "मास्तरसाब, आगे की बनाते तो दरखास लगती. पीछे जा री है, जाने देव." हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की भाता सुटला आणि तुमचा मुलगा इरण्णा ओरडला, "आप्पा, वारं!"

गारगोट्या शोधायला आपण दोघं जळकोटच्या रस्त्यावरच्या माळावर जायचो. ते दिवस मला सगळ्यांत जवळचे आहेत. मी वाकून वाकून सुंदर दगड उचलायचो. पांढरे, निळसर, आत चिरा पडलेले. तुम्ही ते हातात घेऊन चिलमीच्या चकमकीवर एकदा मारायचात आणि टाकून द्यायचात. "ह्यो नुसता दिसाया चांगला. जावई करून घ्या." तुम्ही उचलायचात ते दगड मातकट असायचे, फोडल्यावर आतून मेणासारखे. एकदा उतारावर तुमचा गुडघा अडला. मी हात पुढे केला, तुम्ही तो घेतलात आणि मग सपाटीवर आल्यावरही बराच वेळ सोडला नाहीत.

मग काम सुरू झालं. टोपीची खुंटी काढली, तिचं भोक पेचाने बुजवलं आणि नळीच्या कुशीत सुईएवढा कान, म्हणजे आग आत जायचं भोक, पाडला. कान नेमका कुठे असावा यावर आपण दोन दिवस भांडलो. पुस्तक म्हणत होतं, वाटीच्या काठाला लागून. तुम्ही म्हणत होता, तळाला, म्हणजे दारू सांडली तरी आत जाईल. शेवटी तुम्ही पाटीवर दोन चिमट्या दारू ठेवून पेटवून पाहिलीत, आणि आग वरच्या वर धावते हे बघून म्हणालात, "पुस्तकाचं बरूबर. पर पुस्तकानं आसं पेटवून दावाया पायजे हुतं." वाटी पितळेची केलीत. नवा घोडा घडवलात, त्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात दगड घट्ट बसवलात. आणि उभी पट्टी केलीत ती झिजलेल्या कानशीची.

त्या पट्टीवर सगळं होतं. ती मऊ राहिली तर दगड तिच्यावर नुसता ओरखडा काढणार. काचेसारखी कडक झाली तर तडकणार. तिला पाणी द्यायच्या दिवशी तुम्ही दाराला घोंगडी लावली होतीत, कारण तापलेल्या लोखंडाचा खरा रंग अंधारात दिसतो. मला एका कोपऱ्यात बसवलंत. "रंग बघू नका, तुमाला न्हाय कळायचा. आवाज ऐका." पट्टी लाल झाली, मग पळसाच्या फुलासारखी, आणि तुम्ही ती पाण्यात सोडलीत. लांब, एकसारखा चर्र झाला. तो संपेपर्यंत इरण्णानेही श्वास धरला होता. तुम्ही कानस लावून पाहिलीत. कानस पट्टीवरून काचेवरून घसरावी तशी घसरली. तुमची मिशी हलली.

बंदूक मी घरी नेली. इथून पुढचं माझं.

वडिलांनी त्या बंदुकीला वापरल्यानंतर नेहमी तेल लावलं होतं. टोपीच्या बंदुकीला ते चालायचं, टोपी आपली बंद असते. आणि मला तर वस्तूवर माया आली की तिला तेलाचं बोट लावायची सवय. चामडी बांधणीच्या पुस्तकांनाही मी तसंच करतो. दुसऱ्या दिवशी गावासमोर बार काढायचा होता. मी आईकडून वाटीभर करडईचं तेल घेतलं आणि बंदूक पुसली. दस्ता, नळी, घोडा, वाटी आणि पट्टी. पट्टीला दोनदा, कारण ती सगळ्यांत सुंदर दिसत होती.

ओढ्याकाठी निम्मं गाव जमलं होतं. भीमराव पाटील खुर्ची घेऊन आले होते. त्यांच्याकडेही टोपीची बंदूक होती, आणि ही उडाली तर तीही तुमच्याकडे येणार होती. मी दारू ठासली, वाटीत रंजक, ती पेटवायची बारीक दारू, ओतली, बंदूक खांद्याला लावली, डोळे मिटले आणि चाप ओढला.

खट्.

पुन्हा ओढला. खट्. तिसऱ्यांदाही.

"मल्लाप्पा," भीमराव खुर्चीतूनच तुम्हाला म्हणाले, "डुकरं हसून हसून मरणार बगा. बाराचं काम न्हाय!"

लोक हसले. तुम्ही पुढे येऊन माझ्या हातून बंदूक घेतलीत. पट्टीवरून अंगठा फिरवलात. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलंत. मग नाक खाजवल्यासारखं करून ते बोट नाकाशी नेलंत, आणि माझ्याकडे पाहिलंत. मला त्याच क्षणी कळलं. तेलावरून दगड नुसता घसरत होता, ठिणगी पडत नव्हती. मी मास्तर होतो, पुस्तक माझं होतं, आणि समोर माझ्या शाळेतली मुलं उभी होती.

तुम्ही वळून मोठ्यानं म्हणालात, "पाणी चुकलं माजं. डोळं गेलं आता. इरण्णा, हिला तू पाणी दे."

मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी इरण्णाने पट्टी भट्टीत घातली, तुम्ही भाता मारलात आणि मी दाराबाहेर उभा राहिलो. संध्याकाळी पुन्हा बार काढला. चाप ओढला, वाटीत भप्पकन उजेड झाला, आणि त्यानंतर अगदी थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ओढ्याच्या दोन्ही काठांनी तो आवाज एकमेकांकडे टाकला. भीमराव उठून उभे राहिले. "व्वा इरण्णा! पोरानं बापाला मागं टाकलं की!"

भुईमूग वाचला. डुकरं मेली नाहीत, पण वाट बदलून गेली. आईने पहिल्या घाण्याचं तेल तुमच्या घरी पाठवलं. आणि त्या दिवसापासून तुम्ही पाणी देणं सोडलंत. कुऱ्हाड असो, विळा असो, तुम्ही भात्यापाशी बसायचात आणि इरण्णा पाण्यापाशी. नळदुर्गापासून लोक यायला लागले ते 'इरण्णाचं पाणी' मागत. मी शाळेतून येता-जाता ते बघायचो. चाळीस वर्षांचा तुमचा हात माझ्या एका वाटीभर तेलाने आणि एका मुकेपणाने तिथून उठवला होता.

तुम्ही मात्र मला सोडलं नाहीत. येताजाता विचारायचात, "मास्तर, पोरांच्या डोसक्याला तेल लावताव का शाळंत?" "मास्तर, आज फळ्याला तेल दिलं का? खडू घसरला आसंल." दुसऱ्या कुणाला त्यात काही कळायचं नाही. मी हसायचो आणि खाली बघायचो. तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हाला. तरीही मधलं वाक्य राहिलंच. मागच्या हिवाळ्यात माळावर मी एकदा सुरुवात केली होती. "आप्पा, त्या दिवशीचं..." तुम्ही म्हणालात, "खाली बगा, काटा हाय." काटा नव्हता. मी परत आलो तेव्हा मला तुमचा राग आला होता, हे आज कबूल करतो. क्षमा मागायचीही सोय ठेवली नाहीत तुम्ही.

आणि मग तुम्ही गेलात.

तुमच्या घरची रीत मला माहीत नव्हती. तेरा दिवस भट्टी गार ठेवायची, आणि तेराव्याला ती पेटवायच्या आधी गावाने गेलेल्या माणसाच्या हातची एकेक वस्तू आणून ऐरणीपुढे ठेवायची. त्या वस्तूंच्या साक्षीने मुलाने पहिला जाळ घालायचा. तुमच्या आव्वांनी, म्हणजे तुमच्या कारभारणीने, निरोप पाठवला, "मास्तर, तुमच्याकडं काय आसंल ते आणा." मी दिवसभर विचार करत बसलो. घरात तुमची एक भाकरी उलटायची उचटणी होती, एक अडकित्ता होता. त्यातलं काहीही नेलं असतं तर चाललं असतं. बंदूक नेली, तर पट्टी कुणाची हे बोलावं लागणार होतं. बोललो, तर इरण्णाचं नाव ज्या एका पट्टीवर उभं आहे ती त्याच्या खालून काढून घेतल्यासारखं होणार होतं, आणि तेही बापाच्या तेराव्याला. न बोललो, तर तुमची चूक झाली होती असंच गावात राहणार होतं, आता कायमचं.

मी बंदूक घेऊन आलो, आप्पा.

अंगण भरलं होतं. विळे, खुरपी, नांगराचे फाळ, एका म्हातारीने तिच्या लग्नातला झारा आणला होता. मी बंदूक ठेवली तशी भीमराव म्हणाले, "अहो मास्तर, ही कशाला? हिचं पाणी इरण्णाचं. ही त्याच्या तेराव्याला आणा!"

आव्वा म्हणाल्या, "जीभ झडो तुमची, पाटील."

आणि त्या हशात मी म्हणालो. कसं म्हणालो ते मला नीट आठवत नाही. तेल म्हणालो, करडईचं म्हणालो, पट्टीला दोनदा म्हणालो. आप्पांचं पाणी चुकलं नव्हतं, म्हणालो. चार वर्षं मी गप्प बसलो, म्हणालो. मग इरण्णाकडे बघायची हिंमत झाली नाही, म्हणून ऐरणीकडे बघत राहिलो.

इरण्णा पुढे आला. मग तो खाली बसला, त्याने बंदुकीची पट्टी बोटाने उघडली आणि मिटली.

"मास्तर," तो म्हणाला, "त्या दिशी आप्पांनी पट्टी माज्या हातात दिली. म्या आदी कानस लावली. घसरली. आता कानस घसरली म्हंजे पट्टी कडकच हाय की! आन् वास तर फोडणीचा येत हुता. म्या काय पाणी देतो? राखंनं घासली, तेल जळंस्तवर निखाऱ्यावर धरली, आन् दावाया म्हणून पाण्यात बुडिवली."

"म्हणजे..."

"म्हंजे म्या हिला पाणी दिलंच न्हाय. हे पाणी आप्पाचंच. आन् त्येंनाबी ठाव हुतं. लाल लोखंडाचा चर्र लांब आसतो. माजा निम्म्यातच संपला. भात्यापाशी बसलेल्या माणसाला ते ऐकू येत न्हाय व्हय? माज्याकडं बगितलं आन् म्हणाले, 'झकास.' गाव वाहवा करतंय म्हणून म्या बी गप्प बसलो. पुढच्या कुऱ्हाडींना म्या खरंच पाणी पाजलं, मास्तर. पर ही पट्टी रोज डोळ्यापुढं यायची."

आव्वांनी कपाळावर हात मारला. "तिघं बी मुके! एका भट्टीवर तिघं, आन् एकाला बी वाचा न्हाय!"

आप्पा, तुम्ही हे का केलंत, यावर काल अंगणात नवा वाद उभा राहिला आहे. मला वाटतं, माझ्या विद्यार्थ्यांसमोर मी छोटा होऊ नये म्हणून. इरण्णाला वाटतं, त्याचा हात मोकळा व्हावा म्हणून. तुम्ही बाजूला झाला नसतात तर त्याच्याकडे कुणी कुऱ्हाड दिली नसती. मी म्हणालो, "तरी आप्पांच्या हातचं काम गेलंच." तेव्हा आव्वा म्हणाल्या, "कशाचं गेलंय! गुडघे दुकत हुते त्येंचे. भात्यापाशी बसून चिलीम वढायची हुती. कारण गावलं, बसले." खरं कुठलं ते तुम्ही सोबत नेलंत. तिन्ही खरं असेल तरी मला चालेल.

भीमराव उठले. त्यांनी टोपी काढली, घातली, आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "माजी बी बंदूक पडलीया घरात. इरण्णा, उद्या आणतो. बापासारखं पाणी दे."

"बापासारखं जमंल का बगतो," इरण्णा म्हणाला. तुम्ही गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला.

जाळ घालायच्या आधी एक बार काढायचा असं ठरलं. बंदूक माझ्या हातात आली. वाटीत रंजक किती घालावी हाही आपला न मिटलेला वाद. पुस्तक म्हणतं निम्मी, तुम्ही म्हणायचात काठोकाठ. इरण्णाने काठोकाठ भरली आणि माझ्याकडे बघितलं. मी वाद घातला नाही. तुम्ही शिकवलेलं दुसरं मात्र आठवलं. चकमकीच्या बंदुकीत उजेड आधी होतो आणि बार नंतर; नवखा माणूस त्या उजेडालाच दचकतो आणि नेम सोडतो. "चाप वढला म्हंजे काम झालं न्हाय मास्तर. बार हुईस्तवर हलायचं न्हाय. डोळं उगडं." चार वर्षं मी प्रत्येक वेळी डोळे मिटून बार काढला होता. काल उघडे ठेवले. तुमच्या पट्टीवरून ठिणग्यांचा झुबका खाली आला तो मी पहिल्यांदाच पाहिला. वाटी पेटली. मी हललो नाही. मग बार झाला, सुगरणींची घरटी असलेल्या बाभळीवरून सगळी पाखरं उठली, आणि मागे इरण्णाने भाता ओढला.

लोक आपापल्या वस्तू घेऊन घरी गेले. कुणाचा विळा आज रानात चालत असेल. मीही बंदूक घरी आणली. राखेने पुसली, कोरड्या फडक्याने पुसली. आई सवयीने तेलाची वाटी घेऊन आली.

"नको," मी म्हणालो. "पट्टीला तेल लावायचं नाही. आप्पांनी सांगितलंय."

"कवा सांगितलं?"

"रोजच सांगायचे," मी म्हणालो.